चारकोलच्या क्लासला नवीन आहात? आधी बोटं आवरा

बडोद्यात चित्रकलेच्या क्लासला येणाऱ्या बहुतेकांचा हात पेन्सिलवर बसलेला असतो, आणि चारकोलला, म्हणजे चित्र काढायच्या कोळशाच्या कांडीला, नेमका तोच आडवा येतो. कांडी पेन्सिलीसारखी धरली की हालचाल मनगटापुरती उरते, रेघ भित्री येते. कांडी तळव्याखाली आडवी धरा, बोर्ड ईझलवर (चित्राच्या स्टँडवर) जवळजवळ उभा लावा, हातभर लांब उभे राहा आणि रेघ खांद्यातून ओढा. उभ्या बोर्डवरची भुकटी आपोआप खाली पडते. ती फुंकू नका, थुंकीचे थेंब उडाले की डाग जात नाही. बोर्डला मागून टिचकी मारा.

सामान थोडकंच: विलो चारकोलच्या (विलो झाडाच्या काटक्यांच्या कोळशाच्या) जाड-बारीक कांड्या, एक कॉम्प्रेस्ड (कोळशाची भुकटी दाबून केलेली) कांडी, नीडेड रबर (कणकेसारखं मळता येणारं मऊ खोडरबर), जुन्या सुती कापडाचा तुकडा. कागद किमान 150 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे चौरस मीटरमागे ग्रॅममध्ये वजन), जरा खरखरीत. गुळगुळीत कागदावर कोळसा टिकत नाही. पावसाळ्यात कागद दमट होतो, म्हणून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा.

सुरुवातीला 30 सेकंद, मग 1 आणि 2 मिनिटांची झटपट रेखाटनं करा. कमाटीबागेतल्या प्राणिसंग्रहालयात प्राणी स्वस्थ बसत नाहीत, हाच फायदा. तपशिलात शिरायला वेळच मिळत नाही.

खरी मजा उलट्या पद्धतीत आहे. विलोची कांडी आडवी फिरवून अख्खा कागद भरा, कापडाने पुसून मध्यम करडा करा. आता डोळे किलकिले करून उजेडाच्या जागा शोधा आणि नीडेड रबराला टोक काढून त्या उचला. घासू नका, दाबून उचला, आणि रबर काळा झाला की कणकेसारखा मळून आतली स्वच्छ बाजू बाहेर काढा. मग विलोनेच सावल्या गडद करा. कॉम्प्रेस्ड कांडी सगळ्यात शेवटी, अगदी काळ्या दोन-चार जागांपुरती. तिच्यात चिकटद्रव्य असतं, त्यामुळे ती पूर्ण खोडता येत नाही. नवखे हीच आधी उचलतात, काळी छान दिसते ना!

दुसरा रोग बोटाने घासण्याचा. त्वचेचं तेल कागदाला लागतं आणि तिथे पुढे कोळसा धब्ब्यासारखा बसतो. शिवाय सगळ्याच कडा मऊ केल्या की चित्र धुरकट होतं. उजेडाकडच्या काही कडा धारदार राहू द्या, सावलीतल्या विरघळल्या तरी चालतील.

फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा कागदावर पक्का करणारा फवारा, उघड्या हवेत, साधारण फूटभर अंतरावरून, दोन-तीन हलके हात. एकदम ओला फवारा मारला तर हलक्या छटा बुडतात. फिक्सेटिव्ह मारूनही चित्रं एकावर एक ठेवताना मध्ये बटर पेपर घालाच.