वरकस जमिनीवर देशी रान

मुळशी-मावळाकडच्या पडीक वरकसात, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीत, खड्डे खणण्याआधी एक पावसाळा चराई आणि कुऱ्हाड बंद ठेवा. ऐन, किंजळ, धावडा यांचे जुने खुंट बहुधा जिवंत असतात. ते आपसूक फुटतात. दर खुंटावर दोन सरळ फुटवे राखून बाकीचे छाटा. खाली मुळं तयार असल्याने असा फुटवा नव्या रोपाला सहज मागे टाकतो. शिवाय फुकट.

रोपं लावायची ती उरलेल्या मोकळ्या जागीच. ३ मीटर अंतराने एकरी सुमारे ४५० बसतात. ४५ सेंटिमीटरचे खड्डे मे महिन्यात खणून तापू द्या, दोन दमदार पाऊस झाले की लावा. पिशवी कापून काढा. तळाशी गुंडाळलेलं मूळ छाटलं नाही तर झाड पुढे खुरटतं. जांभळाचं बी वाळलं की मरतं, म्हणून फळ खाल्लं त्याच आठवड्यात पेरा. गिरिपुष्प झटपट वाढतो खरा, पण तो परदेशी. पुण्याच्या टेकड्यांवर त्याने देशी झाडांची जागा कशी व्यापलीय ते एकदा बघून या.

वणवा एका दुपारी सगळं नेतो. डिसेंबरातच हद्दीने ३ मीटरचा पट्टा गवत कापून, खरवडून मोकळा करा.

कार्बन मोजायला खोडाचा घेर १.३७ मीटर उंचीवर दरवर्षी नोंदवा. घेरावरून वाळल्या लाकडाचं वजन काढतात. त्या वजनात साधारण निम्मा कार्बन, त्याला ३.६७ ने गुणलं की कार्बन डायऑक्साइड.

बारामती-इंदापूरच्या माळांवर मात्र अशी झाडं लावू नका. तिथलं गवत मुळांवाटे मातीत कार्बन साठवतं, आणि लांडगा, चिंकारा त्याच माळावर जगतात.