मोठा रीफ टँक घेताय? आधी तळ बघा, लिटर नंतर

दोन फुटी रीफ टँकमधले, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टँकमधले, कोरल (प्रवाळ) वाढून एकमेकांना डसायला लागले की मोठ्या टँकचा विचार सुरू होतो. दुकानात पहिला प्रश्न येतो, "किती लिटरचा?" मी म्हणते, आधी तळ केवढा हवा ते ठरवा. खडक तळावर बसतो, कोरल खडकावर पसरतात आणि मासे आडवे पोहतात. उंची वाढवली की लिटर वाढतात, राहायची जागा तेवढीच राहते. शिवाय उजेड खालपर्यंत पोचवायला जास्त ताकदीचे दिवे लागतात आणि अडीच फूट खोल टँकच्या तळाशी हात पोचत नाही.

म्हणून मी ४ × २ × २ फुटांचा टँक निवडला. चार फुटी टँक दीड फूट रुंदीत स्वस्त पडतो, पण तो अर्धा फूट अजिबात सोडू नका. खडक काचेपासून लांब ठेवता येतो, मागून पाणी फिरतं, मागची काच पुसायला हात जातो. लांबी मात्र माशावर ठरवा. ब्लू टँग ३० सेंटीमीटरपर्यंत वाढतो. सहा फूट लांबी देता येत नसेल तर तो घेऊ नका, दुकानात कितीही छोटा दिसला तरी.

आता वजन. या मापात साधारण ४५० लिटर पाणी बसतं. १२ मिलिमीटरची काच, खडक, स्टँड आणि सम्प (टँकखालची, पाणी गाळायची टाकी) धरून ७०० किलोच्या आसपास जातं, तेही पाऊण चौरस मीटरवर. घरांचे स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो भार धरून डिझाइन करतात. खोलीच्या मधोमध टँक ठेवू नका. भिंतीलगत, बीमवर जागा शोधा आणि ॲडव्हान्स देण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

सम्प हवाच. वीज गेली की वरचं पाणी थोडं खाली उतरतं, तेवढी जागा त्यात रिकामी राहिली पाहिजे. पंप मुद्दाम बंद करून हे तपासा. वेव्हमेकरला, म्हणजे टँकमधलं पाणी हलतं ठेवणाऱ्या पंपाला, बॅटरी बॅकअप द्या, कारण पाणी थांबलं की ऑक्सिजन झपाट्याने घटतो.

मी डोंबिवलीत राहते. इथल्या दमट हवेत पंख्याने पाणी फारसं थंड होत नाही, बाष्पीभवनच कमी. पाणी २५-२६ अंशांवर ठेवायला चिलर लागतो. तो गरम हवा बाहेर फेकतो, म्हणून त्याची जागा बाल्कनीजवळ काढा. पहिल्या भरणीला सोळा-सतरा किलो मीठ जातं. पुढे आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं तर ४५ लिटर आरओ-डीआय (गाळून क्षार काढलेलं) पाणी लागेल. ते कुठे साठवणार, हे टँकआधी ठरवा.

कोरल घेताना कागदपत्रं मागा. आपल्या समुद्रातले खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. मालवणहून कुणी तुकडा आणून देतो म्हणाला तर स्पष्ट नाही म्हणा.

जुन्या टँकमधून नव्यात हलवताना जुना खडक ओलाच न्या, माशांची घाण पचवणारे जिवाणू मुख्यतः त्यातच असतात. जुनी वाळू नेऊ नका, तिच्यातली साचलेली घाण पाण्यात उतरते. नव्या पाण्याचा खारटपणा आणि तापमान जुन्याशी जुळवा. दिवे निम्म्या ताकदीवर सुरू करून काही आठवड्यांत वाढवत न्या. पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट (घाणीतून होणारी, माशांना विषारी द्रव्यं) सलग शून्य दिसेपर्यंत नवा मासा आणू नका.