नोकरी सांभाळून ऑप्शन शिकायचे तर आधी वही घ्या

नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कारखान्यात मी लॅबमध्ये आहे. सकाळी 7:40 ला मानेवाडा चौकातून कंपनीची बस, आणि गेटवर मोबाइल लॉकरमध्ये. शेअर बाजार सव्वानऊला उघडतो, साडेतीनला बंद होतो; माझा फोन हातात येतो साडेपाचला. त्यामुळे ऑप्शन (ठरलेल्या तारखेला ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क) शिकले ते रात्री, जेवणं आटोपल्यावर.

पहिले चार महिने पैसे लावायचेच नाहीत. दोनशे पानी वही घ्या, ओळखीचा एकच शेअर निवडा. एनएसई या शेअर बाजाराच्या साइटवर ऑप्शन चेन, म्हणजे ऑप्शनच्या भावांचा तक्ता, फुकट दिसते. शेअरच्या भावाच्या सगळ्यात जवळची स्ट्राइक (सौद्यात ठरलेला भाव) धरा आणि रोज तीन आकडे लिहा: शेअरचा बंद भाव, कॉलचा (शेअर घेण्याच्या हक्काचा) प्रीमियम म्हणजे किंमत, एक्स्पायरीला (मुदत संपायला) उरलेले दिवस.

माझ्या वहीतलं एक पान सांगते. शेअर 1,400 च्या आसपास, स्ट्राइकही 1,400. 20 दिवस बाकी होते तेव्हा प्रीमियम 42. मग 13 दिवसांवर 34, 6 वर 23, 2 वर 13. शेअर जवळपास जागेवरच, पैसे मात्र चालले. याला थीटा म्हणतात हे व्हिडिओत दहादा ऐकलं होतं; कळलं ते हे पान भरल्यावर.

पुढे त्याच शेअरचा खरा कॉल घेतला. लॉट (एका वेळी घ्यावाच लागणारा गठ्ठा) 500 शेअरचा, प्रीमियम 42, म्हणजे 21 हजार गेले. शेअर ऑप्शनमध्ये एक्स्पायरीला प्रत्यक्ष शेअरची देवघेव होते, हे मी वाचलंच नव्हतं. कॉल फायद्यात राहिला तर 7 लाखांचे शेअर उचलावे लागतात, बाप्पा! शेवटच्या आठवड्यात मार्जिन (तारण रक्कम) भरा म्हणून ब्रोकरचे तीन मेसेज आले, फोन लॉकरमध्ये. संध्याकाळी बसमध्ये बघते तर सौदा कापलेला. नशीब, 21 हजारांतले साडेचार हजार तरी सुटले. नवरा म्हणाला, "काहून गं, दिवसभर फोनच नसते तर हे धंदे कायले?"

तेव्हापासून महिन्याच्या शेवटच्या मंगळवारच्या, म्हणजे एक्स्पायरीच्या, आठवडाभर आधीच बाहेर पडते. निफ्टी या निर्देशांकाची साप्ताहिक एक्स्पायरी आपल्यासाठी नाही. ऑप्शन विकणं तर अजिबात नाही. त्यात तोटा कुठवर जाईल याला धरबंध नसतो आणि बघायला आपण जागेवर नसतो. ऑर्डर रात्रीच टाकते, तीही लिमिटची (भाव आपण ठरवून दिलेली), कारण शेअर ऑप्शनमध्ये खरेदी-विक्रीच्या भावात मोठी फट असते.

बाजाराची नियामक संस्था सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये तीन वर्षांचा हिशेब मांडला: एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी 93 टक्के तोट्यात. म्हणून जेवढे बुडाले तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही, तेवढेच लावा.

आणि हो, हे उत्पन्न व्यवसायाचं धरलं जातं. पगारदारांचा सवयीचा प्राप्तिकराचा फॉर्म आयटीआर-1 चालत नाही, आयटीआर-3 भरावा लागतो. सीएने माझ्याकडून जेवढी फी घेतली, तेवढा त्या वर्षी नफाही नव्हता.