कमी खर्चात घरचा चित्रपटसंग्रह जमवताय? या चुका टाळा

संग्रह जमवताना बरेचसे पैसे चुकीच्या खरेदीत जातात, आणि त्याची सुरुवात सेलमध्ये होते. स्वस्त आहे म्हणून गठ्ठा उचलला जातो आणि त्यातल्या निम्म्या डिस्कचं वेष्टनही निघत नाही. पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो तोच चित्रपट विकत घ्या. एकदाच बघायचा असेल तर लायब्ररीतून आणा किंवा भाड्याने बघा.

रीजन कोड, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागासाठी आहे याची खूण, न बघता डिस्क मागवणं ही दुसरी चूक. डीव्हीडीसाठी जगाचे ६ मुख्य विभाग केलेले आहेत, ब्लू-रे या जास्त स्पष्ट चित्राच्या डिस्कसाठी ए, बी आणि सी असे ३. प्लेअर एका विभागाचा आणि डिस्क दुसऱ्या विभागाची असेल तर कोरी करकरीत डिस्कही चालत नाही. ब्लू-रेहूनही स्पष्ट चित्राच्या फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कला ही अडचण सहसा येत नाही, पण तिला प्लेअर त्याच प्रकारचा लागतो. प्लेअर अजून घ्यायचा असेल तर ब्लू-रेचाच बघा. त्यावर डीव्हीडीही चालते, डीव्हीडी प्लेअरवर मात्र ब्लू-रे चालत नाही.

बजेट कमी असेल तर जुन्या डिस्कसारखा दुसरा मार्ग नाही, फक्त त्या पारखून घ्यायला हव्यात. डिस्क दिव्याखाली तिरकी धरा. मधल्या भोकाकडून कडेकडे गेलेला बारीक ओरखडा प्लेअर बहुधा निभावून नेतो. गोलाईला धरून गेलेला ओरखडा वाईट, कारण डेटाही त्याच दिशेने लिहिलेला असतो आणि सलग बराच भाग वाचता येत नाही. मधल्या भोकाभोवती तडा असेल तर डिस्क परत ठेवा. डीव्हीडीचा डेटा पृष्ठभागाखाली ०.६ मिलिमीटरवर असतो, म्हणून हलके ओरखडे पॉलिशने जातात. ब्लू-रेमध्ये तो जेमतेम ०.१ मिलिमीटरवर असतो. तिला पॉलिश करायला जाऊ नका.

चित्रपट अडकला की लगेच डिस्क टाकून देऊ नका. मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. मग दुसऱ्या प्लेअरवर लावा. तिथेही त्याच जागी अडकली तर दोष डिस्कचा. तुमच्या प्लेअरवर सगळ्याच डिस्क अडकत असतील तर लेन्सवर धूळ बसलेली असू शकते. ८.५ जीबीची दोन थरांची डीव्हीडी मध्येच क्षणभर थांबते, तो दोष नव्हे. प्लेअर एका थरावरून दुसऱ्यावर जात असतो.

स्वतःकडच्या फाइल पेन ड्राइव्हवर घेताना जागा असूनही मोठी फाइल कॉपी होत नसेल, तर ड्राइव्ह बहुधा एफएटी-३२ मध्ये फॉरमॅट केलेला असतो. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. आतला डेटा दुसरीकडे काढून ड्राइव्ह मोठ्या फाइल चालणाऱ्या एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. टीव्हीला एक्सफॅट चालतं का, ते आधी बघा. आणि सगळा संग्रह एकाच हार्ड डिस्कवर ठेवू नका. ती बंद पडली की वर्षानुवर्षांची मेहनत एका दिवसात जाते.

ऑनलाइन 'खरेदी' केलेला चित्रपट बहुतेक वेळा फक्त बघण्याचा परवाना असतो. कंपनीचे हक्क संपले तर तो तुमच्या यादीतून नाहीसाही होऊ शकतो. जे चित्रपट कायम हवेत त्यांची डिस्कच घ्या, बाकीच्यांसाठी परवाना पुरे.