शरदातला सह्याद्री जलरंगांत रंगवताना

आश्विन-कार्तिकात सह्याद्रीतली झाडे काश्मीरच्या चिनारांसारखी तांबडी होत नाहीत. इथे पिकते ते गवत. सिंहगडावरून राजगड-तोरण्याच्या दिशेने पाहिले, तर पायाशी सोनेरी उतार आणि त्यामागे निळसर होत विरत गेलेल्या डोंगररांगा दिसतात. मधल्या हवेत आणि धुळीत प्रकाश विखुरतो, त्यातही निळा अधिक, म्हणून दूरचा डोंगर निळा भासतो आणि त्याच्यावरचा ऊन-सावलीतला फरक पुसट होतो. चित्रात खोली आणायची ती याच आधारावर.

३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) खरखरीत कागद पाटीवर चिकटवून पेन्सिलीने फक्त रांगांच्या कडा आखाव्यात. आकाशाचा भाग ओला करून वर फिकट निळा आणि क्षितिजापाशी किंचित यलो ऑकर (मातकट पिवळा) सोडावा. कागद वाळला की अल्ट्रामरीनमध्ये (गडद निळ्यात) थेंबभर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून, भरपूर पाण्याने सर्वांत मागची रांग एका हातात भरावी आणि ती ओली असतानाच तिची खालची कड स्वच्छ ओल्या ब्रशने विरघळवावी. दरीतले धुके त्यातूनच तयार होते. प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावरच पुढची रांग थोडी गडद आणि उबदार घ्यावी. जलरंग वाळल्यावर फिकटतो, त्यामुळे ओला रंग डोळ्यांना जरा जास्तच वाटला पाहिजे. मागच्या डोंगरांवर कडे-कपारी काढण्याचा मोह मात्र आवरावा, कारण एवढ्याने सगळी हवा निघून जाते. बेसॉल्टचे आडवे थर मधल्या रांगेवर दोन-तीन फटकाऱ्यांत सुचवले तरी पुरतात.

पोत राखून ठेवायचा तो पुढच्या उतारासाठी. यलो ऑकर आणि बर्न्ट सिएनाचा दाट थर अर्धवट ओला असताना जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कोपऱ्याने खालून वर खरवडल्यास गवताची उजळ पाती उमटतात. थर फारच ओला असेल, तर रंग त्याच चरांत उतरून पाती उलट काळी पडतात. वाळल्यानंतर ब्रश फडक्यावर टिपून आडवा फिरवावा, म्हणजे रंग कागदाच्या उंचवट्यांवरच धरतो आणि खडकाचा खरखरीतपणा येतो. सोनकीच्या फुलांसाठी नुसता पारदर्शक पिवळा गडद रंगावर दिसत नाही. त्यात पांढरा पोस्टर रंग मिसळून टूथब्रशने मोजकेच शिंतोडे उडवावेत आणि त्यापूर्वी मागच्या रांगांवर कोरा कागद झाकावा.

शेवटी मोबाइलवर चित्राचा कृष्णधवल फोटो काढून पाहावा. त्यात दोन रांगा एकमेकींत मिसळल्या असतील, तर पुढच्या रांगेवर आणखी एक पातळ थर द्यावा.