औषधांची आठवण देणारे अ‍ॅप ज्येष्ठांसाठी आखताना

ज्येष्ठ नागरिकांसाठी मोबाइल अ‍ॅप करायचे ठरले की पहिल्याच बैठकीत सुविधांची लांबलचक यादी तयार होते. औषधांची आठवण, रक्तदाबाची नोंद, डॉक्टरांची भेट, संकटकाळचे बटण, भजने, बातम्या, नातवंडांचे फोटो असे सारे काही त्या यादीत असते आणि त्यातली प्रत्येक गोष्ट उपयोगाचीही असते. परंतु हे सगळे एका अ‍ॅपमध्ये आले म्हणजे ज्यांच्यासाठी ते केले त्यांनाच ते वापरता येत नाही. उतारवयात नजर, श्रवण, बोटांची पकड आणि स्मरण यांपैकी प्रत्येकात थोडी थोडी उणीव येते, या उणिवा एकमेकींत मिसळतात आणि अ‍ॅपमधली प्रत्येक जादा स्क्रीन त्यांचा भार वाढवते. म्हणून आखणीची सुरुवात सुविधांपासून न करता, त्या व्यक्तीला रोज खरोखर पडणाऱ्या एखाद्या प्रश्नापासून करावी. या लेखात औषधांच्या अ‍ॅपचे उदाहरण घेतले आहे. तेथे तो प्रश्न असा असतो : सकाळची गोळी मी घेतली की नाही?

गोळी घेण्याची वेळ झाली हे सांगणे तुलनेने सोपे आहे आणि साधा गजरही ते काम करतो. खरी अडचण गजर बंद केल्यानंतर अर्ध्या तासाने सुरू होते. गोळी घेतल्याचे नक्की आठवत नाही, म्हणून काही जण ती पुन्हा घेतात आणि काही जण धोका नको म्हणून सोडून देतात. साखर कमी करणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी चुकून दोनदा घेतली गेली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. तेव्हा अ‍ॅप उघडताच दिसणारी पहिली स्क्रीन ही आजच्या दिवसाची स्थिती सांगणारी असावी : ‘सकाळची गोळी ८ वाजून १० मिनिटांनी घेतली’, ‘रात्रीची गोळी अजून बाकी आहे’. यादी, आलेख, सेटिंग या सगळ्यांचे स्थान त्यानंतरचे आहे.

घर आणि दिवस पाहून घ्यावा

कोडचा पहिला शब्द लिहिण्यापूर्वी काही घरांत जाऊन औषधांचा दिवस पाहावा. पुण्यातील विरंगुळा केंद्रे किंवा गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ येथून अशी ओळख सहज होते. ‘तुम्हाला कसले अ‍ॅप हवे?’ असे विचारल्यास भिडेखातर दिलेली उत्तरे मिळतात. त्याऐवजी ‘कालची रात्रीची गोळी घेतली हे तुम्ही कशावरून ओळखता, ते दाखवाल का?’ असे विचारावे. मग कोणी रिकाम्या झालेल्या पाकिटाकडे बोट दाखवते, कोणी कॅलेंडरवरची खूण दाखवते, तर कोणाच्या गोळ्या सूनबाई सकाळीच वाटीत काढून ठेवतात. अ‍ॅपने या रीती मोडू नयेत, त्यांना आधार द्यावा. फोन दिवसभर कोठे असतो, हेही टिपून ठेवावे, कारण पुष्कळ घरांत तो चार्जिंगला लावून दुसऱ्याच खोलीत पडलेला असतो. शिवाय तो बहुधा मुलाने किंवा मुलीने वापरून झालेला असतो, त्यामुळे त्यातली मेमरी कमी आणि अँड्रॉइडची आवृत्ती जुनी असते.

औषधाची नोंद करण्याच्या स्क्रीनसाठी नवी भाषा शोधण्याची गरज नाही. डॉक्टर चिठ्ठीवर १-०-१ असे लिहितात आणि औषधाच्या दुकानातही तसेच समजावून सांगतात, त्यामुळे सकाळ, दुपार, रात्र हे तीन रकाने आणि ‘जेवणाआधी’ व ‘जेवणानंतर’ हा भेद ज्येष्ठांना पाठ असतो. मात्र या साच्यात न बसणारी औषधे आधीच विचारात घ्यावीत. थायरॉइडची गोळी सकाळी अनशापोटी घ्यायची असते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचे थेंब दिवसातून अनेक वेळा घालायचे असतात आणि पुढच्या आठवड्यांत त्यांची संख्या टप्प्याटप्प्याने कमी करायची असते. संधिवातासाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट बहुधा आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि ते चुकून रोज घेतले गेल्यास जिवावर बेतू शकते. म्हणून साप्ताहिक औषधाची नोंद करताना वार निवडल्याशिवाय पुढे जाताच येऊ नये आणि उरलेल्या सहा दिवशी त्या औषधासमोर ‘आज घ्यायचे नाही’ असे स्पष्ट लिहिलेले दिसावे.

औषधाचे नाव पाकिटावर इंग्रजीत असते, म्हणून नावासोबत पाकिटाचा आणि गोळीचा फोटो असणे अत्यावश्यक आहे. यात एक गुंतागुंत आहे. दुकानदार पुढच्या महिन्यात तेच औषध दुसऱ्या कंपनीचे देतो, पाकिटाचा रंग बदलतो आणि घरातली व्यक्ती गोंधळते. फोटो बदलण्याची सोय दोन स्पर्शांत व्हावी, तसेच जुने व नवे पाकीट काही दिवस शेजारी शेजारी दिसावे, ही बाब पहिल्याच आवृत्तीच्या आराखड्यात असली पाहिजे.

नजर, कान आणि बोटे

वयानुसार डोळ्यातले भिंग पिवळसर होत जाते, निळ्या छटांमधला फरक कमी जाणवतो आणि मोतीबिंदू असल्यास प्रकाश डोळ्यांवर येतो. वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे डब्ल्यूसीएजीमध्ये, नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांतील तफावत किमान ४.५ : १ सांगितली आहे, तर अधिक कडक पातळीवर ती ७ : १ आहे. ज्येष्ठांच्या अ‍ॅपसाठी ७ : १ हेच किमान मानावे, असे माझे मत आहे. फिकट राखाडी अक्षरे कोठेही नकोत. हिरवे म्हणजे घेतली आणि लाल म्हणजे राहिली, एवढ्यावर न थांबता शब्द आणि खूण दोन्ही द्यावीत.

देवनागरीसाठी वेगळी काळजी घ्यावी लागते. वेलांटी, मात्रा, अनुस्वार ओळीच्या वर जातात आणि उकार, ऋकार खाली येतात. रोमन अक्षरांसाठी बेतलेल्या ओळीच्या उंचीत ‘हृदय’ किंवा ‘दृष्टी’ यांसारख्या शब्दांचे खालचे टोक कापले जाते. अक्षर मोठे केल्यावर हा दोष आणखी उठून दिसतो. अँड्रॉइड १४ पासून फोनमधील अक्षरांचा आकार २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतो, म्हणून प्रत्येक स्क्रीन त्या आकारात तपासावी आणि बटणावरचे शब्द तुटतात का ते पाहावे. मजकुराची भाषा मराठी असल्याचे अ‍ॅपच्या रचनेतच नोंदवावे, म्हणजे योग्य फॉन्ट असल्यास ‘ल’ आणि ‘श’ यांची शाळेपासून सवयीची असलेली मराठी वळणे दिसतात. कमी दिसणाऱ्या माणसाला सवयीचे वळण वाचणे सोपे जाते.

वाढत्या वयातील श्रवणदोषात उच्च स्वर आधी हरवतात. त्यामुळे फोनमध्ये असलेले बारीक किणकिणणारे सूर तरुणांना ऐकू येतात, पण आजोबांना येत नाहीत. झोपलेल्या आणि कमी ऐकू येणाऱ्या व्यक्तींना जागे करण्यासाठी ५२० हर्ट्झच्या आसपासचा खालचा सूर अधिक परिणामकारक ठरतो, हे धुराच्या अलार्मवरील कामातून दिसून आले आहे. आपला गजरही तसाच निवडावा. सुरानंतर मराठीत बोललेले वाक्य असावे, ते संथ असावे आणि पुन्हा ऐकता यावे. ठरावीक वाक्ये यंत्राच्या आवाजात ऐकवण्यापेक्षा माणसाच्या आवाजात ध्वनिमुद्रित करावीत, म्हणजे इंटरनेट नसतानाही ती वाजतील.

बटणाचा किमान आकार अँड्रॉइडच्या मार्गदर्शनानुसार ४८ डीपी (स्क्रीनवरील मापाचे एकक), म्हणजे साधारण ९ मिलिमीटर असतो. कंप असलेल्या हातासाठी तो अपुरा पडतो. ‘घेतली’ हे बटण स्क्रीनच्या पूर्ण रुंदीचे असले तरी काही बिघडत नाही. बराच वेळ दाबून धरणे, बोट सरकवणे, दोनदा पटकन टेकवणे या क्रियांवर कोणतेही आवश्यक काम अवलंबून ठेवू नये. थरथरत्या बोटाचा स्पर्श दोनदा नोंदला जाऊ शकतो, म्हणून लगोलग आलेला दुसरा स्पर्श अ‍ॅपने दुर्लक्षावा आणि चुकून दाबले गेल्यास ‘नाही, घेतली नव्हती’ असे म्हणण्याची सोय तेथेच समोर ठेवावी.

गजर वाजण्याची हमी

या अ‍ॅपच्या आखणीत सर्वांत जास्त तांत्रिक वेळ गजरासाठी राखून ठेवावा, कारण न वाजलेला गजर हा येथे सर्वांत मोठा दोष आहे. अँड्रॉइड ६ पासून फोन निष्क्रिय पडला की अ‍ॅपची कामे पुढे ढकलली जातात. अँड्रॉइड १२ पासून नेमक्या वेळेच्या गजरासाठी वेगळी परवानगी आली आणि अँड्रॉइड १४ मध्ये ती बहुतेक नव्या अ‍ॅपना आपोआप मिळत नाही. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशन दाखवण्यासाठीही वापरकर्त्याला विचारावे लागते. फोन बंद करून पुन्हा सुरू केला की आधी लावलेले गजर पुसले जातात आणि अ‍ॅपला ते पुन्हा लावावे लागतात. काही कंपन्यांच्या फोनमधली बॅटरी वाचवण्याची व्यवस्था अ‍ॅपच बंद करून टाकते. या सर्व परवानग्या पहिल्या दिवशी घरातल्या कोणीतरी शेजारी बसून द्याव्यात, अशी एक स्वतंत्र स्क्रीन आखावी आणि शेवटी एक चाचणी गजर वाजवून दाखवावा. संपूर्ण वेळापत्रक फोनमध्येच साठवावे. मुलगी न्यू जर्सीत राहून आईच्या औषधांची नोंद करणार असेल, तर वेळ नेहमी आईच्या घड्याळाप्रमाणे धरली जाईल, याची खात्री करावी, कारण अमेरिकेत वर्षातून दोनदा घड्याळ बदलते आणि भारतात ते बदलत नाही.

कुटुंबीयांना काय कळवावे

गोळी राहिल्याचा संदेश मुलाला जावा की नाही, हे ज्यांची गोळी आहे त्यांनी ठरवावे. हे अ‍ॅप त्यांचे आहे. त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्यांसाठी ते आखले, तर काही दिवसांत खोटेच ‘घेतली’ दाबले जाईल, आणि अशी नोंद कोरी राहण्यापेक्षा वाईट असते. संमतीचा मजकूर सोप्या मराठीत असावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही संमतीची विनंती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय देण्याची तरतूद आहे. अ‍ॅपमध्ये शिरण्यासाठी दरवेळी ओटीपी मागू नये. ओटीपी कोणालाही सांगू नका, हे ज्येष्ठांना सतत बजावले जाते आणि ते योग्यच आहे. त्यामुळे अशी मागणी येताच ते घाबरून फोन खाली ठेवतात. जाहिराती तर मुळीच नसाव्यात.

गोळी चुकल्यावर आता घ्यावी का, किती घ्यावी, याचा सल्ला अ‍ॅपने देऊ नये. तेथे डॉक्टरांचा क्रमांक मोठ्या अक्षरांत दाखवावा. भारतात १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय हेतूने वापरले जाणारे सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत येऊ शकते, म्हणून अशा सुविधेचा विचार असल्यास जाणकाराचा सल्ला आधी घ्यावा. संकटासाठी स्वतःची यंत्रणा उभारण्याच्या मागे न लागता ११२ आणि महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक एका स्पर्शावर द्यावेत, तसेच ज्येष्ठांच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा १४५६७ हा क्रमांकही जोडावा.

चाचणी

पहिली चाचणी कागदावर काढलेल्या स्क्रीननी करावी आणि दुसरी स्वस्त, जुन्या फोनवर, वापरणाऱ्यांच्याच घरी करावी. चाचणी चालू असताना मदत करण्याचा मोह आवरावा आणि बोट कोठे अडते एवढेच टिपावे. चष्मा काढून, पंखा व टीव्ही चालू ठेवून, पहाटेच्या अंधारात अशाही परिस्थितीत ते वापरून पाहावे. आठवड्यानंतर पुन्हा जाऊन, फोन हातात देऊन एवढेच विचारावे : आजची सकाळची गोळी झाली का? कोणाच्या मदतीशिवाय उत्तर मिळाले तरच पुढच्या सुविधेला हात घालावा. आणि नवी आवृत्ती काढताना ‘घेतली’ हे बटण कधीही जागेवरून हलवू नये, कारण स्मरण क्षीण झालेल्या माणसाच्या बोटांना ती जागा सवयीने ठाऊक झालेली असते आणि बदललेली जागा तो नव्याने शिकू शकेलच असे नाही.