गावचा पाण्याचा ताळेबंद मांडताना या चुका टाळा

आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांची अडचण होऊ नये, ही शाश्वत विकासाची व्याख्या १९८७ मध्ये ब्रंटलँड आयोगाने केली. आपल्या गावात ती खरी ठरते का, हे विहिरीत डोकावले की कळते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसती जमा मांडणे. किती बंधारे झाले, किती नाला खोल केला, हे फलकावर येते. उपसा मात्र कुठेच लिहीत नाहीत. खरे तर हिशेब सोपा आहे. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. १,००० हेक्टरच्या शिवारात ४०० मिलिमीटर पाऊस झाला तर ४०० कोटी लिटर. यातले बरेचसे उडून जाते, पिके घेतात, ओढ्याने वाहते. काळ्या कातळात मुरते थोडेच. उसाला हेक्टरी साधारण दोन कोटी लिटर लागतात. म्हणजे ५० हेक्टर उसालाच १०० कोटी! हिवरे बाजारची ग्रामसभा आधी पाणी मोजते, मग पिके ठरवते. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, हा नियमही गावानेच केला. बंधारे पुष्कळ गावांनी बांधले, हे धाडस फार थोड्यांनी केले.

प्लास्टिक अंथरलेले शेततळे बोअरच्या पाण्याने भरणे हीसुद्धा चूकच. पाणी वाढत नाही; सगळ्यांच्या जमिनीखालचे भूजल एकाच्या तळ्यात येते आणि उन्हात उडते. तळे पावसाच्या वाहत्या पाण्यावरच भरा. ठिबकने वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर डाळिंब लावले, तर उपसा होता तेवढाच राहतो.

सरासरी पावसावर विसंबू नका. मराठवाड्यात २०१४ आणि २०१५ ही दोन वर्षे लागोपाठ कोरडी गेली आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. नियोजन अशा जोडदुष्काळाचे हवे. पिण्याचे पाणी आधी बाजूला काढा, मग बागायत.

‘शंभर वर्षांतून एकदा’ येणारा पूर आता शंभर वर्षे येणार नाही, हा समजही घातक आहे. त्याचा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता. ३० वर्षांत ती सुमारे २६ टक्के होते. कोल्हापूर-सांगलीने २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये महापूर पाहिले. पूररेषेत घर बांधणाऱ्याने हा आकडा आधी बघावा.

बंधारे तुडुंब भरूनही फेब्रुवारीत विहिरी तळाला जात असतील, तर आणखी खोलीकरण करण्याआधी वर्षभरात किती नवे बोअर पडले ते मोजा. दरवर्षी त्याच चार-पाच विहिरी निवडा. ऑक्टोबरात आणि मार्चअखेर, सकाळी मोटार सुरू होण्याआधी, वजन बांधलेला टेप काठावरून सोडा आणि पाण्यापर्यंतचे अंतर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहा. ऑक्टोबरातला आकडा बघूनच रब्बीचे क्षेत्र ठरवा.